जुनी गाडी देताना, जुनी गाडी घेताना

अब्बांना हृदयाच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी रत्नागिरीहून कोल्हापूरला न्यावे लागते. मागच्या खेपेला आंबा घाटाच्या चढावर गाडीचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या. दीड तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. अब्बा काही बोलले नाहीत, तसबीह फिरवत बसून राहिले. डॉक्टरांची वेळ चुकली. घरी आल्यावर आम्ही ठरवले, आता गाडी बदलायची.

गाडी सोळा वर्षांची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गेल्या वर्षी त्यासाठी ५,००० रुपये शुल्क भरले, पर्यावरण कर वेगळा. नंतर क्लच, रेडिएटर, बॅटरी. आता मेकॅनिक म्हणाला, हेड गॅसकेट गेले आहे, सतरा-अठरा हजार लागतील. वर्षभराचा हिशेब मांडला तेव्हा कळले की गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे आम्ही तिच्या दुरुस्तीत घातले होते. हा हिशेब दर वर्षी मांडला असता तर घाटात उभे राहण्याची पाळी आली नसती.

साठवलेले पैसे होते २ लाख ४० हजार. मुलीच्या कॉलेजची फी वेगळी ठेवली होती, तिला हात लावायचा नव्हता. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे घरात आधीपासून ठरलेले. मग नव्या गाडीचा विषयच संपला. साठवलेल्यातले ४० हजार बाजूला काढले: नाव बदलणे, विमा, टायर आणि पहिली सर्व्हिसिंग यासाठी. सगळी रक्कम गाडीच्या किमतीतच घालणारे पहिल्याच महिन्यात उसनवारीला लागतात, हे आम्ही नात्यात पाहिले आहे.

दुसरी गोष्ट ठरवली ती गरजेची. घरात पाच माणसे, अब्बांचे गुडघे दुखतात म्हणून सीट थोडी उंच हवी, महिन्याचे फिरणे जेमतेम पाचशे किलोमीटर. एवढ्याशा फिरण्याला डिझेल परवडत नाही. पेट्रोलवर वाचणारे पैसे दुरुस्तीत जातात. सीएनजी घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की किटची नोंद आरसी बुकात आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का. आम्ही लहान पेट्रोल गाडी शोधायची ठरवली, आणि तीही २०१९ च्या जुलैनंतर बनलेली. त्या जुलैपासून चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून.

पहिली गाडी एका विक्रेत्याकडे पाहिली. चकचकीत पॉलिश, नवे मॅट, आत अत्तराचा दरवळ, किंमत बाजारापेक्षा पन्नास हजारांनी कमी. आमचा मेकॅनिक सोबत होता. त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या खालच्या भागावर मातकट रेघ होती. मग डिकीतले जादा चाक उचलले, तर खाचेत वाळलेला गाळ. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. पाण्यात बुडालेली गाडी आज चालते, पण आतल्या वायरी आणि जोडण्या हळूहळू गंजत जातात आणि कधी दगा देतील ते सांगता येत नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या गाडीचा मीटर ३८ हजार किलोमीटर दाखवत होता. पण ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगची कातडी निघाली होती. मीटर खोटे बोलू शकतो, पॅडल बोलत नाही. आम्ही सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. टायरवर चार आकडे असतात, ते आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर कमी आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले की विचारपूस करावी.

तिसरी गाडी देवरुखच्या एका निवृत्त शिक्षकांची. सकाळी इंजिन गार असताना येतो, असे आम्ही आधीच कळवले होते. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते, पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर गाडी घेऊ नये. यातले काही नव्हते. मेकॅनिकने खाली वाकून पत्रा पाहिला, कारण किनाऱ्याकडची खारी हवा दारांच्या कडा आणि तळ आधी खाते. मग एसी लावून चढावर चालवून पाहिली. मेकॅनिकला हजार रुपये दिले. ते या सगळ्या व्यवहारातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे.

आम्ही काही विचारण्याआधीच गुरुजी म्हणाले, “मागचे डावे दार एकदा ठोकले गेले होते, रंग नवा आहे. सांगून ठेवतो.” त्या वाक्याने आमचा निम्मा निर्णय झाला.

त्यांनी २ लाख ७० हजार सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, म्हणून जुन्यांचे भावही खाली यायला हवेत, असे आम्ही नम्रपणे म्हटले. २ लाख ५५ हजारांवर ठरले. २ लाख लगेच बँकेतून, ५५ हजार तीन महिन्यांत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही कुरआनची शिकवण आहे. गुरुजींनाही ते पटले. कागद झाला, दोन्ही घरची मुले साक्षीदार राहिली.

कागदपत्रांत हयगय करू नका. जुने कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्या. थकलेली ई-चलाने पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत नाव बदलून घ्या. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा. आधीच्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत गाडीसोबत येत नाही. विकणाऱ्यांनीही जपावे. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता राहिली आमची जुनी गाडी. लांज्याचा एक तरुण आला. त्याने गाडी गावातल्या गावात चालवून पाहिली, सपाट रस्त्यावर ती छानच चालते. ५५ हजार द्यायला तयार झाला. नेमकी गुरुजींची बाकी. त्याने गॅसकेटचे काही विचारले नव्हते.

त्या रात्री आमच्या दोघांत वाद झाला. एकाचे म्हणणे, तो मेकॅनिक आणू शकला असता, आपण खोटे तर बोललो नाही. दुसऱ्याला वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आठवत होती, आणि सीटबेल्टवरची ती मातकट रेघही. अब्बा पलंगावरून ऐकत होते. म्हणाले, “त्याच्या घरीही कुणी म्हातारे असेल. त्याला घेऊन तो घाट चढेल की नाही?”

सकाळी फोन करून सांगितले. तरुण थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “दुरुस्तीचे १७ हजार कमी करा.” केले. ३८ हजारांत गाडी गेली आणि महिन्याच्या आत त्याच्या नावावर झाली. गुरुजींची उरलेली रक्कम आम्ही दोन हप्त्यांत, मुदतीच्या आत फेडली. त्या महिन्यांत घरात नवे कपडे आले नाहीत, एवढेच.

परवा अब्बांना घेऊन आंबा घाट चढलो. काटा मध्यावरच राहिला. वर पोहोचल्यावर अब्बांनी विचारले, “त्या पोराने गॅसकेट बदलले का, विचारलेत?” आम्ही तिथूनच फोन लावला. बदलले होते.