बैलांचा पोळा, आमचा कधी?

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. घरच्यांच्या लेखी माझा अभ्यास चालला होता. खरे म्हणजे तासभर एकच पान समोर होते आणि कॉलेज सोडायचे, हे मनात जवळजवळ ठरले होते.

अंगणात बाबा बैलांची खांदशेकणी करीत होते. हळद-तूप लावून खांदा शेकायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, ही आपल्याकडची रीत. चिखलणी आता ट्रॅक्टरने होते, तरी आमच्या घरी एक जोडी अजून आहे. शेकता शेकता बाबा थांबले. एका बैलाच्या खांद्यावरची सोललेली जागा त्यांनी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "बैलाचा का कसूर हाये? जूच बराबर नाई."

त्या एका वाक्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझा दिनक्रम तुम्हांला अनोळखी नाही. पहाटे उठून अर्जुनीकडून गोंदियाला येणारी गाडी गाठायची. दिवसभर तासिका. परतीची गाडी उशिरा आली, तर फलाटावरच दिवेलागण. घरी शेतीची कामे, आणि रात्री पोलीस भरतीची पुस्तके. कारण नुसत्या बी. ए.ने काही होत नाही, असे सारा गाव सांगतो. पूर्वी वर्षाकाठी एकच परीक्षा असे. आता वर्षाला दोन सत्रे. त्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले. सत्राला वीस-बावीस श्रेयांक : मुख्य विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण. जितके विषय, तितके प्रकल्प आणि तितक्या वेळा अंतर्गत गुणांची धास्ती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार रंगते. आमच्या डोक्यावर तेव्हा हिवाळी परीक्षा असते.

या ओझ्याखाली मी थकलो होतो. पण थकलो म्हणण्याची लाज वाटे, म्हणून स्वतःला आळशी म्हणत होतो. एकदा वर्गातही तोच शब्द माझ्या वाट्याला आला आणि मी तो मुकाट्याने स्वीकारला. आज वाटते, तो शब्द चुकीचा होता. आळशी माणसाला गाढ झोप लागते. मला झोपच येत नव्हती. आळशाला काम टाळल्याचे सुख तरी मिळते. मला पुस्तक मिटले तरी अपराधी वाटे आणि उघडले तरी. ज्या मराठीच्या तासासाठी मी कला शाखा घेतली, तो तासही नकोसा झाला होता.

या अवस्थेला 'बर्नआउट' असे नाव आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्यांविषयी लिहिताना हा शब्द वापरला. ध्यानात घ्या, ती माणसे कामचुकार नव्हती. जीव ओतून काम करणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा वाटणे, आणि हातून काही नीट होईनासे होणे. ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच आहे, असेही संघटना सांगते. पण शिकणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे काय?

कोणी म्हणेल, आमच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, आम्ही नाही कधी असे थकलो! त्या कष्टांना माझा नमस्कार आहे. परंतु कंदील मालवला की त्या पिढीचा दिवस संपत असे. आमचा मोबाइल रात्री बारालाही प्रकल्पाची आठवण करून देतो.

पोळा झाल्यावर मी धीर करून एका सरांना सगळे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "सगळी कामं लिही." मग त्यांतली सत्र संपेपर्यंत थांबू शकतील अशी कामे आम्ही खोडली. पोलीस भरतीची पुस्तके पेटीत गेली. परतीच्या गाडीत पुस्तक नाही, मोबाइल नाही, असा नेम केला. खिडकीतून बोड्या नि धानाच्या बांध्या बघत यायचे. गुण काही फार वाढले नाहीत. पण मी कॉलेजात राहिलो, आणि मराठीचा तास पुन्हा आवडू लागला.

तेव्हा मित्रहो, खांदा शेकणे आपल्या हाती आहे. थकवा कोणाजवळ तरी बोला. जवळ कोणी नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतून, मोफत बोलता येते.

मात्र जू नीट बसवणे आमच्या हाती नाही. म्हणून गुरुजनांना नम्र विनंती : सर्व विषयांचे प्रकल्प एकाच आठवड्यात मागू नका. सत्राच्या आरंभी विभागांनी एकत्र बसून तारखा वाटून घ्याव्यात. यासाठी पैसा लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. आणि मागच्या बाकावर कोणी तासभर एकच पान बघत बसलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा त्याचा खांदा चाचपून पाहावा.