समजूनही भीती का जात नाही?

खाडी आणि खारफुटी हाकेच्या अंतरावर असलेल्या करावे गावात पावसाळ्यात एखाद्या घरात साप निघाला तर त्याचे फारसे नवल नाही. पुष्कळदा ती धामण असते, नाहीतर दिवड. दोन्ही बिनविषारी. सर्पमित्र येतो, साप पिशवीत भरतो, "धामण आहे, घाबरू नका" असे चार वेळा बजावून निघून जातो. तरीही त्या घरातील एखादी बाई पुढे महिनाभर मोरीत पाय टाकताना दचकते. घरचे वैतागतात, "अगं, विषारी नव्हता म्हणून सांगितलं ना तुला!" सांगितलेले तिला कळलेले असते. कळूनही छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो.

अशा भीतीबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. पहिले मत घरातल्या वडीलधाऱ्यांचे : हा भित्रेपणा आहे, नीट समजावले की जाईल. दुसरे मत शिबिरे भरवणाऱ्यांचे : भीती सुप्त मनात दडून बसते, तुमचा तुम्हाला तिचा पत्ताच नसतो, तेव्हा पैसे भरा, आम्ही ती बाहेर काढून देऊ. (मांत्रिकही हेच सांगतो, फक्त त्याच्या हातात लिंबू असते.) दोन्ही मते अर्धवट आहेत. मात्र दुसरे अधिक नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ते माणसाला त्याच्याच भीतीबाबत अडाणी ठरवते.

मेंदूत काय घडते ते पाहू. १९९५ साली अमेरिकेतील आयोवा येथे बेशारा, दामासिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांवर प्रयोग केला. पडद्यावर निरनिराळे रंग दाखवायचे आणि एका ठराविक रंगापाठोपाठ होडीचा भोंगा कानठळ्या बसतील असा वाजवायचा. निरोगी माणसाला काही वेळाने नुसता तो रंग दिसला तरी बारीक घाम सुटतो. तो यंत्रावर मोजता येतो. पहिल्या रुग्णाच्या मेंदूतील अमिग्डाला, म्हणजे बदामाच्या आकाराची गाठ, दोन्ही बाजूंनी निकामी होती. कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे त्याने बिनचूक सांगितले, पण तो रंग पाहून त्याला घाम काही आला नाही. दुसऱ्याची ती गाठ शाबूत, पण आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग बिघडलेला. त्याला घाम आला, पण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजला ते सांगता येईना. तिसऱ्याचे दोन्ही भाग निकामी. त्याला घामही नाही आणि माहितीही नाही.

म्हणजे डोक्याचा धडा वेगळा, अंगाचा धडा वेगळा. 'सांगितलं ना तुला' याने काम का भागत नाही, ते यावरून कळावे.

पण येथेच थांबले तर शिबिरवाल्यांचे फावते. वरचे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते. धडधाकट माणसात हे दोन्ही धडे बहुधा बरोबरच गिरवले जातात. २००२ साली लव्हिबॉण्ड आणि शँक्स या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे प्रयोग तपासून असे म्हटले, की कशानंतर काय होते हे मुळीच न कळता माणूस भीती शिकतो याला भक्कम पुरावा नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. पण रुग्णाला शांतपणे विचारले तर 'त्या दिवसापासून' हे शब्द बहुतेकदा त्याच्याच तोंडून येतात. ते ऐकून घ्यायला सुप्त मनात बुडी मारावी लागत नाही.

समजावण्याचाही उपयोग होतो, पण कुठे होतो हे पाहावे लागते. १९७७ साली ह्युगडाल आणि ओहमान यांनी लोकांना काही चित्रे दाखवून सौम्य विजेचा धक्का दिला. नंतर 'आता धक्का बसणार नाही' असे सांगितले. ज्यांची सहसा भीती वाटत नाही अशा चित्रांबाबत भीती लगेच ओसरली. साप आणि कोळी यांच्या चित्रांबाबत मात्र ती टिकून राहिली. मोरीतल्या धामणीचे कोडे थोडेफार येथे उलगडते.

मग करायचे काय? अंगालाही धडा द्यायचा, आणि तो पायरीपायरीने. आधी दिवसा, दिवा लावून, कुणी सोबत असताना मोरीच्या दारात उभे राहायचे. धडधड सुरू झाली की पळायचे नाही. ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. मग आत. मग एकटीने. मग रात्री. टाळत राहिले की त्या क्षणी बरे वाटते, पण अंगाला नवे काही शिकता येत नाही. जबरदस्तीने ढकलणे तर त्याहून वाईट. आणि एकदा गेलेली भीती परत डोके वर काढते, हे पाव्लोवने कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले होते : पुसलेली सवय विश्रांतीनंतर पुन्हा उमटली. जुना धडा पुसला जात नाही, त्याच्यावर नवा लिहिला जातो. म्हणून सराव एकाच जागी न करता निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या वेळी करावा. (खरा साप दिसला तर मात्र धीर दाखवायला जाऊ नये, चावला तर थेट रुग्णालय गाठावे.)

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या आणि मुंबईच्या हिमतीचे खूप कौतुक झाले. ते योग्यच. पण अशा प्रसंगातून वाचलेल्याला डब्यात शिरताना आजही घाम फुटत असेल, तर त्याची हिंमत कमी पडली असा अर्थ काढू नये. त्याच्या अंगाने एक धडा फार पक्का गिरवला आहे, इतकेच.

भीतीमुळे झोप, नोकरी किंवा शाळा सुटू लागली, जुना प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला, तर घरगुती सरावावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.