मातीवरचा खोटा आरोप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली ती दगडमातीच्या घरांखाली. म्हणून माती सोडा, स्लॅब घाला, असे मराठवाड्यात तेव्हापासून बजावले जाते. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. जाडजूड भिंतींचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांना धरून नव्हते, कारण आरपार जाणारे लांब दगड त्यांत घातलेच नव्हते. म्हणून त्या फुटल्या. उलट अनेक घरांत भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांची चौकट उभी राहिली. शिवाय गळती थांबवायला माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, मातीचे नवे थर चढत गेले, जुने कोणी काढले नाहीत. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जाते. एवढे ओझे डोक्यावर असताना सुटी भिंत हादरा कसा सोसणार?

साहित्यच दुबळे म्हणावे, तर पेरूत अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल पाहा. सुमारे तीस मीटरचा हा झुलता पूल इंका पद्धतीने गवताचा विणतात. काडी हाताने तुटते. पण काड्यांच्या दोऱ्या, दोऱ्यांचे दोर आणि दोरांच्या वेण्या घालून केलेले दोरखंड काठावरच्या दगडी बांधकामात बांधले की माणसांचा भार पेलतात. चार गावे दरवर्षी जूनमध्ये जुना पूल काढून नवा विणतात. महामारीत हे काम चुकले आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटला. गवत तेच होते, निगा चुकली. तिथे निगा म्हणजे जीर्ण ते काढणे. आपल्या माळवदावर ती नुसती भर घालणे ठरली.

सिमेंटला एवढी उठाठेव लागत नाही, असा आक्षेप येईल. पण २००१ च्या गुजरातमधील भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. सदोष रचनेला सिमेंटही वाचवत नाही. दुसरीकडे, जुने ते सारे शहाणपणाचे, हा दावाही टिकत नाही. किल्लारीने तो कायमचा खोडला आहे. नवे घर माळवदाचेच बांधा, असे म्हणणेही नाही. पण लातूर-नांदेडच्या गावांत माळवदे आजही उभी आहेत आणि २०२४ मध्ये नांदेड-हिंगोली भागाला पुन्हा धक्के बसले. तेव्हा स्लॅबची वाट पाहत बसू नका: छतावरची जादा माती उतरवा, भिंतींत आरपार दगड बसवा, खांब-तुळयांना तिरके आधार द्या.