चिमटीची मालकी

अंगठा आणि तर्जनी काचेवर टेकवून दूर नेली की छायाचित्र मोठे होते. जवळ आणली की लहान होते. चांदणी चौकातला दुकानदार आणि मंत्रालयातला सचिव ही हालचाल सारख्याच सहजतेने करतात. तिच्यावर कोणाची मालकी असू शकेल, असा विचार दोघांच्याही मनात येत नाही. अमेरिकेतील न्यायालयांनी मात्र या आणि अशाच काही हालचालींच्या मालकीचा खल करण्यात सात वर्षे घालवली. ॲपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगविरुद्ध दाखल केलेला दावा जून २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. त्या लढाईत कोण जिंकले, ही आता इतिहासाची बाब झाली. स्पर्धेचे तिने काय केले, हे दिल्लीतील धोरणकर्त्यांनी तपासण्याची गरज मात्र संपलेली नाही. संगणक आज्ञावलीवरील पेटंटांना आपल्या संसदेने घातलेला बांध गेल्या दशकात हळूहळू खचत आला आहे, आणि तो खचवण्याचा निर्णय संसदेने घेतलेला नाही.

स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन सादर केला, तेव्हाच त्यातील बहुस्पर्शी तंत्राची पेटंटे आपण घेतली असल्याचे त्यांनी जाहीर केले होते. ही कल्पना अर्थात त्या दिवशी जन्मलेली नव्हती. टोरांटो विद्यापीठात बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक बोटांचे स्पर्श ओळखणाऱ्या पाटीचे काम १९८५ मध्येच प्रसिद्ध केले होते. फिंगरवर्क्स ही याच तंत्रावर काम करणारी छोटी अमेरिकी कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकतही घेतली होती. तरीही ॲपलने काहीच नवे केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यादी शेवटापर्यंत सरकवली की ती रबरासारखी ताणली जाऊन मागे येते, ही किमया खरोखर सुंदर आहे. ती पाहूनच आपल्याला यातून फोन करता येईल हे उमगले, असे जॉब्ज यांनी २०१० मध्ये सांगितले होते. प्रश्न एवढाच, की अशा कल्पकतेचे बक्षीस म्हणून इतरांना ती हालचालच वीस वर्षे वर्ज्य करावी काय?

ही बंदी प्रत्यक्षात कशी चालते, हे सामान्य ग्राहकाला दिसत नाही. २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सोय नव्हती. गूगलच्या नेक्सस वनलाही ती फेब्रुवारी २०१० मध्ये नंतरच्या सुधारणेतून मिळाली. रबरी ताणाच्या जागी सॅमसंगच्या फोनांवर कडेला निळसर उजेड दिसू लागला. ऑगस्ट २०११ मध्ये हेग येथील न्यायालयाने छायाचित्रे सरकवण्याच्या पद्धतीवरून सॅमसंगविरुद्ध आदेश दिला आणि कंपनीला तेथे आज्ञावलीचा तो भाग बदलावा लागला. उजेड निळा असावा, ही ग्राहकाची मागणी नव्हती. न्यायालयात वकिलाला बोट ठेवून दाखवता येईल असा फरक कंपनीला हवा होता. अभियंत्यांचे श्रम उत्पादन सुधारण्याऐवजी ते वेगळे भासवण्यात खर्ची पडले, आणि या खर्चाची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

त्या मानाने या हालचालींचे खुद्द न्यायालयात ठरलेले मोल पाहण्याजोगे आहे. २४ ऑगस्ट २०१२ रोजी सॅन होजे येथील नऊ ज्यूरींनी सुमारे ७०० प्रश्नांची उत्तरे तीन दिवसांच्या आत देऊन सॅमसंगला १०५ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. चिमटीने अब्ज डॉलर जिंकले, असाच समज जगभर पसरला. पुढे फेरसुनावण्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले, आणि मे २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने अंतिम आकडा सुमारे ५३.९ कोटी डॉलर ठरवला. त्यातील ५३.३ कोटी डॉलर फोनच्या बाह्य रूपाच्या आणि चिन्हांच्या मांडणीच्या हक्कापोटी होते. हालचालींशी संबंधित दोन पेटंटांच्या वाट्याला आले ५३ लाख, म्हणजे जेमतेम एक टक्का.

सरकवून कुलूप उघडण्याच्या पेटंटाची कथा तर याहून उद्बोधक आहे. निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनवर आयफोनच्या आधीच बोट सरकवून कुलूप उघडत असे. त्याचा दाखला घेऊन लंडनच्या उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये, ॲपल आणि एचटीसी यांच्या वादात, हे पेटंट रद्दबातल ठरवले. जर्मनीच्या पेटंट न्यायालयाने २०१३ मध्ये तेच केले आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत ज्यूरीने मे २०१४ मध्ये हे पेटंट वैध मानले होते. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सहज सुचण्याजोगे म्हणून मोडीत काढले, तर त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा जिवंत केले. गंमत अशी, की त्याच्या महिनाभर आधी ॲपलने स्वतःच्या नव्या आज्ञावलीतून ही सरकपट्टी काढून टाकली होती. मालकाला नकोशी झालेल्या वस्तूवरील हक्कासाठी शेजाऱ्याला दंड, असा हा न्याय झाला. एकच शोध एका राजधानीत वैध आणि दुसरीत अवैध ठरत असेल, तर छोट्या उद्योजकाने आपला फोन बाजारात आणण्यापूर्वी विचारायचे तरी कोणाला?

हा प्रश्न मोठ्यांना फारसा छळत नाही. त्यांच्याकडे शस्त्रागारे असतात. ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदींच्या गटाने जुलै २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलची पेटंटे ४५० कोटी डॉलरना घेतली. पुढच्याच महिन्यात गूगलने १,२५० कोटी डॉलरना मोटोरोला मोबिलिटी घेण्याचे जाहीर केले, आणि त्यामागे तिच्या पेटंटांचे कवच हे मोठे कारण होते. २०१४ मध्ये फोनचा तो व्यवसाय लेनोव्होला विकताना बहुतेक पेटंटे गूगलने स्वतःकडेच ठेवली. सॅमसंग या सर्व काळात दावे लढत राहिली आणि जगातील सर्वाधिक स्मार्टफोन विकणारी कंपनीही झाली. म्हणजे पेटंटांनी राक्षसाला रोखले नाही. शस्त्रागार उभारण्याची ऐपत नसलेल्यांसाठी मात्र उंबरठा उंच झाला.

आपल्याकडे हा उंबरठा आणखी उंच होऊ शकतो, याचे कारण भरपाईच्या आकड्यांत नाही, मनाई हुकुमात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ईबे प्रकरणात, पेटंटभंग सिद्ध झाला तरी विक्रीबंदी आपोआप मिळणार नाही, असे बजावले. त्यामुळेच अब्ज डॉलरचा कौल मिळूनही ॲपलला डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या फोनांवर बंदी मिळाली नाही. दिल्लीचा अनुभव निराळा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीची बाजू न ऐकताच तिच्या विक्रीवर अंतरिम मनाई दिली. ही कंपनी भारतात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. काही दिवसांतच खंडपीठाने क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांची विक्री प्रत्येक नगामागे १०० रुपये न्यायालयात भरण्याच्या अटीवर सुरू करू दिली, हे खरे. ते पेटंट संदेशवहनाच्या मानकांचे होते, हालचालींचे नव्हते, हेही खरे. मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लाव्हा यांनाही एरिक्सनने याच कारणासाठी न्यायालयात खेचले होते. पण विचार करा, मानकांच्या जोडीला चिमटी, सरकपट्टी आणि रबरी ताण यांचीही पेटंटे येथे सर्रास मिळू लागली, तर पहिल्या तारखेलाच बंद पडणारी दुकाने किती असतील?

तशी ती मिळू नयेत, हे संसदेने विचारपूर्वक ठरवले होते. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) ने निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट नाकारले आहे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोग आणि यंत्राशी जोड या दोन वाटांनी त्याला भगदाड पाडण्याचा प्रयत्न केला. मनमोहन सिंग सरकार तेव्हा डाव्यांच्या पाठिंब्यावर उभे होते. मार्च २००५ मध्ये विधेयक मंजूर होताना ते भगदाड बुजवले गेले. त्या अधिवेशनातील औषधांच्या पेटंटावरील वाद सर्वांना आठवतो. आज्ञावलीवरील हा विजय फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

नंतरचा प्रवास कचेऱ्यांमधून झाला. पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांद्वारे तेच दार किलकिले केले आणि टीका होताच डिसेंबरात ती स्थगित केली. फेब्रुवारी २०१६ च्या तत्त्वांत आज्ञावलीसोबत नवे यंत्रही असावे अशी अट आली. जून २०१७ मध्ये ती अट निमूटपणे गळाली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आज्ञावलीतून तांत्रिक परिणाम साधत असेल तर पेटंटाला आडकाठी नाही, असा अर्थ लावला. २०२१ मध्ये वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीनेही अमेरिका आणि युरोपचा दाखला देत या कलमाच्या फेरविचाराची शिफारस केली. ज्या अमेरिकेचा दाखला दिला, तिच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ॲलिस निकालात अशा पेटंटांना लगाम घातला होता.

कायदा बदलूच नये, असा आमचा हट्ट नाही. स्क्रीनला स्पर्श ओळखता यावा म्हणून काचेखाली नवी रचना करणाऱ्याला संरक्षण मिळालेच पाहिजे, आणि आजच्या कायद्यातही ते मिळते. बोट सरकल्यावर काय दिसावे यावरही ते द्यायचे असेल, तर वाणिज्य मंत्र्यांनी तसे विधेयक आणावे, वर्षे किती आणि एकतर्फी मनाईला मज्जाव कसा, हे त्यात लिहावे, आणि २००५ प्रमाणे सभागृहात त्यावर मतदान घ्यावे. तोपर्यंत पेटंट नियंत्रकांनी कलम ३(के) संसदेने लिहिले तसेच वाचावे.