मावळची निसर्गवही

महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, असें विचारतांच आमच्या वर्गांतील कोणताहि विद्यार्थी 'हरियाल' असें उत्तर तत्काळ देतो. राज्यप्राणी शेकरू, राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण, २०१५ सालीं ठरलेलें ब्ल्यू मॉर्मन हें फुलपाखरूं, इतकेंच काय पण २०२३ सालीं त्या यादींत पापलेटहि येऊन बसला, हें सर्व मुलांस मुखोद्गत असतें. पण ताम्हणाचें झाड कसें ओळखावें असें विचारलें म्हणजे वर्गांत शांतता पसरते. उन्हाळ्यांत जांभळ्या फुलांच्या तुऱ्यांनीं भरलेलें हें झाड रस्त्याच्या कडेस व बागांतून उभें असतें. त्याच्या खालून मुलें जातात, येतात, आणि त्याच झाडाचें नांव उत्तरपत्रिकेंत लिहून गुण मिळवितात. या दोन गोष्टींची एकमेकींशीं गांठ पडत नाहीं, याचा दोष आम्ही मुलांस देत नाहीं. पाहावयाची वस्तु आपण वडील मंडळींनींच घोकावयाची करून ठेविली, असें आमचें मत आहे. व त्याविषयीं या वार्षिकाच्या वाचकांपुढें चार शब्द मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याबाबतींत एका दूरच्या मुलखाचें उदाहरण घेण्याजोगें आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकास अलास्का नांवाचें अवाढव्य राज्य आहे. क्षेत्रफळानें तें महाराष्ट्राच्या साडेपांच पट भरेल; पण २०२० च्या शिरगणतींत तेथें जेमतेम ७ लाख ३३ हजार माणसें आढळलीं. आपल्या शेजारच्या एकट्या पिंपरी-चिंचवड शहरांत २०११ सालींच याच्या दुपटीहून अधिक लोक मोजले गेले होते! तेथील देनाली शिखर ६,१९० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेचार पट. २७ मार्च १९६४ रोजीं तेथें ९.२ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनीं नोंदलेल्या भूकंपांत त्याचा क्रमांक जगांत दुसरा लागतो. २३ जानेवारी १९७१ रोजीं तेथील प्रॉस्पेक्ट क्रीक या ठिकाणीं पारा शून्याखालीं ६२ अंशांपर्यंत उतरला. त्या दिवशीं त्या निर्जन मुलखांत कोणी तरी तापमापक वाचून आंकडा लिहून ठेविला, म्हणून तो आज आपणांस ठाऊक आहे. पलीकडच्या एखाद्या दरींत त्याहून कडक थंडी पडली असेलहि. परंतु तेथें वाचणारा कोणी नव्हता, आणि म्हणून ती जगाच्या हिशेबांत नाहीं.

आमचें लक्ष मात्र या प्रचंड आंकड्यांहून तेथील ध्वजाच्या हकीकतीनें अधिक वेधलें. अलास्का हा त्या काळीं केवळ अमेरिकेच्या अंमलाखालील प्रदेश होता. राज्याचा दर्जा त्यास १९५९ सालीं मिळाला. प्रदेशास ध्वज असावा म्हणून तेथील शाळांतील मुलांकडून चित्रें मागविण्यांत आलीं. सीवर्ड गांवीं मिशनच्या बालगृहांत वाढणाऱ्या बेनी बेन्सन या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचें चित्र पसंत ठरलें, व १९२७ सालीं तेंच ध्वज म्हणून स्वीकारलें गेलें. त्यानें काय काढलें होतें? निळ्या पार्श्वभूमीवर आठ सोनेरी तारे. सात सप्तर्षींचे आणि एक ध्रुवाचा. निळा रंग आकाशाचा व तेथील फर्गेट-मी-नॉट या रानफुलाचा. म्हणजे जें रोज रात्रीं डोक्यावर दिसे व उन्हाळ्यांत पायाशीं फुले, तेंच त्या पोरक्या मुलानें कागदावर उतरविलें. तेच सप्तर्षि चैत्र-वैशाखांत आपल्याहि अंगणांतून दिसतात. फरक इतकाच कीं, सीवर्डचा ध्रुव क्षितिजापासून ६० अंशांवर असतो, तर लोणावळ्यास तो १९ अंशांच्याहि किंचित् खालीं, वळवणच्या बाजूच्या डोंगरांआड सहज दडेल इतका ठेंगणा दिसतो. भूगोलाच्या पुस्तकांतील अक्षांश म्हणजे काय, हें याहून सोप्या रीतीनें सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, अलास्कांत हिमनद्या आहेत, अस्वलें आहेत. आमच्या मावळांत नोंदण्यासारखें काय आहे? या प्रश्नाचें आम्हांस खरोखर आश्चर्य वाटतें. ज्या काळ्या पाषाणावर आपण उभे आहों तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचा झाला असून त्याचे थर सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटरांवर पसरले आहेत. भूशास्त्रज्ञांनीं या थरांस नांवें दिलीं, त्यांत एका थराचें नांव 'खंडाळा' व त्याखालील थराचें 'भीमाशंकर' असें आहे. परदेशांतील विद्यापीठांतून आपल्या घाटाचें नांव पाषाणाच्या एका थराचें नांव म्हणून शिकविलें जातें. आणि खंडाळ्याच्या मुलास तें ठाऊक नसतें.

पावसाची गोष्ट तर याहून नवलाची. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात, व आपलें ओझें घाटमाथ्यावर टाकतात. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरीनें ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यास त्याचा पांचवा हिस्साहि मिळत नाहीं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबानें आपल्या अंगणाच्या प्रत्येक चौरस मीटरावर वर्षांत चार हजार लिटर पाणी ओतलें जातें! आणि तें जातें कोठें? कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेस मिळते व तिचें पाणी अखेरीस कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जातें. परंतु लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांत अडविलेलें पाणी टाटांच्या नळांतून खोपोलीस उतरतें, १९१५ पासून वीज निर्माण करतें, व पाताळगंगेवाटे अरबी समुद्रास मिळतें. एकाच डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांपैकीं एक पूर्वसमुद्रास व दुसरा पश्चिमसमुद्रास जावा, ही गोष्ट आपल्या दाराशीं घडते.

हें सर्व केवळ कौतुकापुरतें असतें तर आम्हीं लेखणी उचललीहि नसती. ३० जुलै १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, ३० जुलै २०१४ रोजीं, आपल्याच जिल्ह्यांत आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव मुसळधार पावसांत डोंगर कोसळून गाडलें गेलें व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलेंहि होतीं. पायाखालीं घोट्याइतकें पाणी असतांना वर डोंगरावर काय पडतें आहे, आणि तें ओढ्यांत उतरावयास किती मिनिटें लागतात, हें ज्यास माहीत आहे तो प्रवाहाच्या मध्यभागीं छायाचित्रासाठीं उभा राहणार नाहीं. काल किती पाऊस झाला, परवां किती झाला, उतार किती भिजला, याचा हिशेब ज्या वस्तींत रोज ठेविला जातो, ती वस्ती वेळीं हलण्याचा निर्णय अधिक लौकर घेऊं शकेल, असें आम्ही समजतों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आमच्या शाळेनें एक निसर्गवही ठेवावी. पर्जन्यमापक महाग नसतो. तोहि न जमल्यास सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा व फूटपट्टी यांवर प्रारंभ करतां येतो. रोज सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे हवामानखात्याच्या वेळींच, मागील चोवीस तासांचा पाऊस वाचावा. (ज्या खात्याचें पुण्यांतील घर अजून 'सिमला ऑफिस' या नांवानें ओळखलें जातें, तेंच हें, १९२८ सालीं तें सिमल्याहून येथें आलें.) त्याच वहींत पहिला काजवा कोणत्या रात्रीं दिसला, ताम्हण केव्हां फुलला, हरियालांचा थवा कोणत्या उंबरावर उतरला, हेंहि लिहावें. शेकरू पाहण्यासाठीं मात्र भीमाशंकराच्या रानाची वाट धरावी लागेल. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाहीं. फांदीवरून फांदीवर जातो, म्हणून मधलीं चार झाडें तुटलीं कीं त्याचा रस्ताच तुटतो.

पालक म्हणतील, यास गुण किती? गुण नाहींत, हें आम्ही स्पष्ट सांगतों. दिवसाचीं पांच मिनिटें मात्र लागतील, व तीं देण्यास कोणत्याहि परीक्षेचा अडथळा होऊं नये.

दुसरी सूचना थोडी हौसेची आहे. राज्याचीं चिन्हें मुंबईस ठरलीं. मावळ तालुक्याचें चिन्ह आमच्या मुलांनीं ठरवावें. कोणी इंद्रायणी तांदूळ सुचवील, आणि त्याचा हक्क मोठा आहे, कारण तो वाण १९८७ सालीं वडगांव मावळच्याच संशोधन केंद्रांतून बाहेर पडला. कोणी लोहगड म्हणेल, कोणी काजवा. आमचें स्वतःचें मत कारवीस आहे. तिच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून येथील कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. ती सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते. तेव्हां सारा उतार निळा-जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बीं धरतें, आणि झाड मरून जातें. पांचवीस आमच्याकडे आलेला मुलगा दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत कदाचित् तिचें एकहि फूल पाहणार नाहीं. एका विद्यार्थ्याच्या आयुष्यांत न मावणारी ही नोंद शाळेच्या वहींतच मावेल.

राजमाचीच्या, कुरवंड्याच्या व पवन मावळांतल्या उतारांवर कारवी मागें कोणत्या सालीं फुलली होती, हें घरांतल्या आजी-आजोबांस, व रानांत वावरणाऱ्या ठाकर, कातकरी व महादेव कोळी शेजाऱ्यांस विचारून मुलांनीं येत्या १ जूनपूर्वीं आम्हांस कळवावें. साल आठवत नसल्यास त्या वर्षीं घरांत कोणाचें लग्न झालें, कोणती गाय व्याली, तेवढें विचारून यावें. साल आपण मागाहून काढूं.