नऊवारीतली नायिका आणि तिरोड्याचा वाचक

दिवाळी सरली, धानाची कापणी उरकत आली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. तिरोड्याच्या आसपासच्या गावांत रात्र-रात्र दंडार रंगते, नाटके होतात, आणि दिवसभर शेतात राबलेला माणूस खिशातले पैसे मोजून तिकीट काढतो. या रंगभूमीने पुण्या-मुंबईच्या मान्यतेची कधी वाट पाहिली नाही. वडशाच्या नाटक मंडळ्या, गावकऱ्यांचा पुढाकार आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक, एवढ्या बळावर ती उभी आहे. मुख्य प्रवाहाबाहेर राहूनही कला कशी जगते, याचा धडा या मातीला नव्याने शिकवावा लागत नाही.

चित्रकथांच्या जगात असेच काही घडत आले आहे. महानायकांच्या चित्रकथा म्हटल्या की दोन बलाढ्य अमेरिकी प्रकाशनसंस्थांची नावे पुढे येतात. सुपरमॅन, बॅटमॅन एकीकडचे; स्पायडरमॅन दुसरीकडचा. चित्रपट आणि भ्रमणध्वनी यांमुळे तिरोड्यातील शाळकरी मुलालाही ही मंडळी परकी राहिलेली नाहीत. परंतु या झगमगाटामागचा इतिहास फारसा उजळ नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सारे हक्क 1938 मध्ये अवघ्या 130 डॉलरला विकले. त्यावर इतरांनी अमाप संपत्ती मिळविली. निर्मात्यांना मात्र निवृत्तिवेतनासाठी आणि आपल्या नावाच्या उल्लेखासाठी 1975 पर्यंत झगडावे लागले.

नायक कंपनीच्या मालकीचा झाला की कथेचेही नुकसान होते. तो म्हातारा होऊ शकत नाही, कारण पुढच्या वर्षीही तो विकावयाचा असतो. तो मेला तरी परत येतो. त्याच्या कोणत्याही कृतीचा कायमचा परिणाम उरत नाही. ज्या कथेत काहीच गमावले जात नाही, तिचा वाचकाला एक ना एक दिवस कंटाळा येतोच.

स्वतंत्र चित्रकथांचे आकर्षण नेमके येथे आहे. 1984 मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी पदरमोड करून निंजा कासवांचा पहिला अंक काढला. प्रती सुमारे 3000. पुढे ती कासवे जगभर पोहोचली. 1992 मध्ये नामवंत चित्रकारांनी मोठ्या संस्थेला रामराम ठोकून ‘इमेज कॉमिक्स’ स्थापन केली. तेथे निर्मितीचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. तिच्याच ‘इन्व्हिन्सिबल’ या मालिकेचा नायक 2003 ते 2018 या काळात 144 अंकांतून वाढतो, पित्याविषयीचे कटू सत्य पचवितो, संसार मांडतो. आणि मग कथा संपते. महाभारत ऐकत वाढलेल्या मनाला यात नवल वाटू नये. तेथे विजयानंतरही युधिष्ठिराला शांती नाही आणि साक्षात श्रीकृष्णालाही व्याधाच्या बाणाने देह ठेवावा लागतो. कर्माला फळ असणारी कथा ही या देशाची जुनीच आवड आहे.

मग मराठीत काय झाले? 1964 साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने वेताळ आणि मँड्रेक यांना घरोघरी पोहोचविले. 1967 पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथे’ने पुराण आणि इतिहास मुलांच्या हाती दिला. त्या कामात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा कलावंतांचा वाटा मोठा होता. 1986 मध्ये हिंदीत ‘नागराज’ अवतरला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या अंकांत कुंचला मुळीकांचाच होता. मराठी हातांनी अनेक नायक रेखाटले. ते बोलले मात्र इतर भाषांत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे हा मराठी मुलांचा खरा लाडका नायक. कोणतीही अद्भुत शक्ती नसलेला, केवळ सायकल, धिटाई आणि तल्लख बुद्धी यांवर निभावून नेणारा. त्याच्यानंतर तसा दुसरा चित्ररूप नायक मराठीने निर्माण केला काय, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

2011 मध्ये दिल्लीत पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले आणि छोट्या भारतीय प्रकाशकांना वाचकांसमोर उभे राहण्यासाठी हक्काचे ठिकाण मिळाले. मुंबईचे चित्रकार अभिजित किणी यांनी 2012 मध्ये ‘अँग्री मावशी’ आणली. नऊवारी नेसलेली, भ्रष्टाचाऱ्यांना धडा शिकविणारी ही नायिका पाहताच मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर हसू उमटते, कारण अशी खमकी मावशी प्रत्येक आळीत असते. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवरून उडणाऱ्या नायकाकडे ही ओळख कोठून येणार?

या प्रकाराविषयी पालकांच्या मनात शंका आहेत आणि त्या अनाठायी नाहीत. काही पुस्तकांत हिंसा भडक असते. पुराणपुरुषांना महानायकांचा साज चढविताना श्रद्धेचे भान सुटते, असेही अनेकांना वाटते. परंतु पुस्तक हिरावून घेतल्याने मुलाची गोष्टीची भूक भागत नाही. नापसंत गोष्टीला खरे उत्तर अधिक चांगली गोष्ट हेच असते. पालकांनी आधी स्वतः वाचावे, मग मुलांसोबत बोलावे, हा मार्ग कष्टाचा असला तरी टिकाऊ आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. ही नवी पुस्तके बहुतांशी इंग्रजीत निघतात आणि महानगरांतील मेळ्यांत खपतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे तिरोडा स्थानक नकाशावर मोठ्या शहरांशी जोडलेले आहे. पुस्तकांच्या बाबतीत ते आडबाजूलाच राहिले. नऊवारीतली नायिका नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या नातवापर्यंत पोहोचू नये, यासारखा विरोधाभास नाही.

यावर उपाय झाडीपट्टीनेच दाखविला आहे. नाटक गावात येत नसेल तर गाव नाटक आणते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. गावच्या वाचनालयाने वर्षाच्या खरेदीत चार चित्रकथा घ्याव्यात, दिवाळी अंकांनी नव्या चित्रकारांना सोळा पाने द्यावीत, शाळांनी स्नेहसंमेलनात मुलांची चित्रकथा मांडावी. यासाठी कोट्यवधींचे भांडवल लागत नाही. नागझिऱ्याचे जंगल, वैनगंगेचा पूर, धानाच्या बांधावरचे कष्ट आणि झाडीबोलीचा गोडवा हे सारे कथानकाची वाट पाहत येथेच पडून आहे. तिरोड्याच्या एखाद्या वर्गात, वहीच्या शेवटच्या पानावर, कुणी मुलगी आपला नायक आज रेखाटीतही असेल. तिची वही रद्दीत जाते की छापखान्यात, हे मात्र घरातल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांनीच ठरवावयाचे आहे.