नवी गुहा सापडली म्हणून आत शिरू नका

एखाद्या बेटावर पाण्याखाली नवी गुहा सापडल्याची बातमी येते तेव्हा तिच्यासोबत फोटोही येतात. निळंशार पाणी, छतातून उतरलेले चुनखडीचे पांढरे सुळके, आणि टॉर्चच्या झोतात एकटा डाइव्हर. अंदमान, मालदीव, थायलंड, बाली इथे सुट्टीला जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्याला हे फोटो खुणावणारच. म्हणून आधीच स्पष्ट सांगायला हवं, की अशा गुहेत शिरू नका. पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही, आणि समुद्रातल्या स्कूबाचं प्रमाणपत्र असेल तरीही नाही.

खुल्या समुद्रात काहीही बिघडलं, तर वर जायची वाट मोकळी असते. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात जे शिकवतात ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, आणि त्या प्रमाणपत्राची मर्यादा साधारण १८ मीटर खोलीपर्यंत, तीही डोक्यावर पाणी मोकळं असताना. गुहेत डोक्यावर खडक असतो. वर जाण्यासाठी आधी आल्या वाटेनं मागे यावं लागतं आणि तेवढा वेळ सिलिंडरमधली हवा पुरवावी लागते. त्यातच तळाशी पिठासारखा मऊ गाळ साचलेला असतो. पायातल्या फिनचा एक फटका चुकीचा बसला की तो उसळतो, आणि मग टॉर्चसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. श्वासाचे बुडबुडे छतावर आपटले तरी वरून माती झडते. आपल्या गावच्या विहिरीत लहानपणापासून सूर मारणारा माणूस दमाचा पक्का असतो, पण इथे दमापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि ती अंदाजानं सापडत नाही.

स्पेनच्या मायोर्का बेटावर २०१७ च्या एप्रिलमध्ये काय घडलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. भूगर्भशास्त्र शिकवणारे शिस्को ग्रासिया आणि त्यांचे एक सहकारी सा पिकेता नावाच्या पाण्यानं भरलेल्या गुहेत उतरले होते. दोघेही अनुभवी. बेटाखालच्या गुहांचे नकाशे करणं हे त्यांचं आवडीचं काम, आणि त्या दिवशी ग्रासिया खडकाचे नमुने घेत होते. परतताना लक्षात आलं की वाट दाखवणारी दोरी जागेवर नाही, ती तुटली होती. पाणी गढूळ झालेलं. दोरीचं टोक शोधण्यात परतीसाठी राखलेली हवा खर्च झाली. उरलेली दोघांना पुरणार नव्हती, एकाला पुरली असती. आतल्या एका दालनात पाण्याच्या वर हवा होती, ते दोघांनी गाठलं. ग्रासिया तिथे थांबले आणि सहकारी हवा घेऊन मदत आणायला निघाला.

ग्रासिया तिथे सुमारे ६० तास होते. गुहेत वरच्या थराला गोडं पाणी होतं, ते पिऊन त्यांनी तहान भागवली. बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक वेळ अंधारात काढला. त्या दालनातली हवाही घात करणारी होती. आपण एरवी जी हवा घेतो तिच्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, तिथे तो ५ टक्क्यांच्या आसपास होता. डोकं ठणकू लागलं, झोप येईना, नसलेले उजेड दिसू लागले. बाहेर शोधपथक आलं होतं, पण गाळानं पाणी इतकं गढूळ झालं होतं की पहिले प्रयत्न मागे घ्यावे लागले. वरून खडकाला भोक पाडून पाणी नि अन्न पोचवायचा प्रयत्नही फसला. तिसऱ्या दिवशी डाइव्हर पोचले आणि त्यांना बाहेर काढलं.

ज्यांना गुहांची ओळख होती, सवय होती, नकाशे ठाऊक होते, त्यांच्यावर ही वेळ आली. गुहेत हवेची पोकळी दिसली की तोंडातलं रेग्युलेटर काढून मोकळा श्वास घ्यावासा वाटतो. ते करू नका, असं प्रशिक्षक का बजावतात तेही त्या दालनातल्या हवेवरून कळावं.

पाण्याखालच्या गुहांतले अपघात एकेक करून तपासणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा शेक एक्सली. १९७९ मध्ये त्यानं त्या मृत्यूंतून निघालेले धडे एका छोट्या पुस्तकात मांडले. पुढे ते पाच नियमांच्या रूपात जगभर शिकवले जाऊ लागले: गुहेचं वेगळं प्रशिक्षण घ्या, बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून अखंड दोरी ओढत न्या, हवेचा एक तृतीयांशच भाग आत जायला वापरा, आपल्या खोलीची मर्यादा ओलांडू नका, प्रत्येकाजवळ तीन टॉर्च ठेवा. हवेचा हिशोब नीट समजून घ्या. सिलिंडरमध्ये १८० बार दाब असेल, तर काटा १२० वर येताच मागे फिरायचं. ६० जायला, ६० यायला, आणि उरलेले ६० सोबत्यासाठी, त्याची हवा ऐनवेळी बंद पडली तर. खोलीबरोबर हवाही झपाट्यानं संपते. दहा मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट, तीस मीटरवर चौपट. नियम लिहिणारा एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या एका अतिखोल कुंडात मरण पावला.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून २०१८ मध्ये बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक सुखरूप बाहेर आले, ते आपल्याला आठवतं, कारण पाणी उपसायच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही होते. त्याच मोहिमेत समान कुनान हा नौदलातून निवृत्त झालेला डाइव्हर आत सिलिंडर ठेवून परतताना मरण पावला, हेही आठवणीत ठेवायला हवं. चूक आपली असते, पण आपल्याला शोधायला दुसऱ्या कुणाला तरी उतरावं लागतं.

जिवाची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट गुहेची, आणि ती मला तेवढीच महत्त्वाची वाटते.

मायोर्कावरच जेनोवेसा नावाची गुहा आहे. तिच्यात पाण्याखाली बुडालेला दगडी पूल आहे, साधारण पावणेआठ मीटर लांबीचा. माणसांनी मोठाले दगड रचून तो केला, तेव्हा समुद्राची पातळी खाली होती आणि तिथून चालता येत होतं. २००० साली तो डाइव्हरना दिसला, पण त्याचं वय ठरायला २०२४ उजाडलं. संशोधक बोग्दान ओनाक यांच्या गटानं दोन खुणा जुळवल्या: पुलावर उमटलेला फिकट पट्टा, आणि त्याच उंचीवर छतातून उतरलेल्या सुळक्यांभोवती चढलेलं चुन्याचं जाड आवरण. हे आवरण पाणी एका पातळीवर खूप काळ थांबलं तरच चढतं, आणि त्याचं वय मोजता येतं. त्यावरून पूल सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा ठरला, आणि माणूस त्या बेटावर मानलं जात होतं त्याच्या बराच आधी पोचला होता हे कळलं.

आता विचार करा, कुणी हौशी माणसानं आठवण म्हणून तो एक सुळका मोडून नेला असता तर? फोटोसाठी पुलावर उभं राहून तो पट्टा फिनांनी खरवडला असता तर? अंदमानात बाराटांगच्या चुनखडीच्या गुहेत वाटाडे सुळक्यांना हात लावू देत नाहीत, तेव्हा आपल्यापैकी काहींना ते जाचक वाटतं. पाण्याखाली तर असं सांगायलाही कुणी उभं नसतं. सुळके थेंबाथेंबानं कोरड्या हवेतच घडतात. पाण्यात बुडालेला सुळका दिसला, तर तिथे कधीकाळी समुद्र नव्हता याचा तो पुरावा असतो. गाळात हाडं असतात, खापरं असतात, आणि ती कुठल्या थरात पडली होती ही माहिती एकदा ढवळली की पुन्हा मिळत नाही. शिवाय चुनखडीच्या बेटावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून खडकातच साठतं. ज्या गुहेत तुम्ही अंगाला सनस्क्रीन चोपडून उतरता, तिथलं पाणी गावातल्या विहिरीत जात असू शकतं.

कधी तुम्हालाच असं तोंड दिसलं, तर बाहेर थांबा. जागेची नोंद करा, बाहेरून फोटो घ्या, आणि तिथल्या पुरातत्त्व किंवा वन खात्याला, गुहांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला कळवा. समाजमाध्यमावर ठिकाण टाकू नका. शास्त्रज्ञ पोचायच्या आत उत्साही मंडळी पोचतात. खरोखरच ओढ वाटत असेल, तर रीतसर शिका. फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या युकातानमध्ये हे शिक्षण टप्प्याटप्प्यानं देतात. आधी तोंडाशी, बाहेरचा उजेड दिसत राहील तेवढ्याच भागात, दोरी धरून आणि डोळे मिटून बाहेर यायची सवय होईपर्यंत. याला वेळ लागतो, पैसाही बराच लागतो, आणि लागू द्यावा.

सुट्टीवर असताना बोटीवरच विचारून घ्या, की आजच्या डाइव्हमध्ये छत असलेली जागा आहे का. उत्तर गोलमोल आलं तर उतरू नका. भरलेले पैसे जाऊ देत. पाण्याखाली गेल्यावर प्रशिक्षकानं कपारीकडे बोट दाखवून आत यायची खूण केली, तर अंगठा वर करा. डाइव्हिंगमध्ये वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘इथेच संपवू आणि वर जाऊ’ असा होतो. ही खूण कुणीही, कधीही, कारण न सांगता करू शकतो, आणि ती पाळणं बाकीच्यांवर बंधनकारक असतं. घरची मुलं सोबत असतील तर ही खूण त्यांच्याकडून बोटीवरच दोनदा करून घ्या.